चवथीच्या चंद्राचा फोटो

बो बासें, ३० जानेवारी १९८६

तेर रूज गावात उसाच्या कडेला वाढलेल्या, चांदण्यांकडे बोट दाखवलं म्हणून हातावर छडी खाल्लेल्या भावंडांनो,

हसू नकोस, कृष्णदेव. पंचवीस वर्षं सभेत बोलणाऱ्या बाईला घरच्या माणसाला पत्र लिहायचं म्हटलं की असंच होतं. ती भावंडं म्हणजे तू आणि मी, दोघंच. आणि आपली तक्रारही एकच आहे. आपल्या माणसांनी आपल्याला वर पाहू दिलं नाही. बोट दाखवू नका, बोट झडेल. ग्रहणात अंगणात जाऊ नका. चवथीचा चंद्र पाहू नका, चोरीचा आळ येईल. आपले आजे-पणजे बोटीतून या बेटावर उतरले तेव्हा त्यांच्याकडे गाठोडं नव्हतं, पण ही भीती त्यांनी बरोबर आणली आणि पुढे आपल्याला दिली. मी हे व्यासपीठावर शंभर वेळा बोलले आहे. लोक टाळ्या वाजवतात, घरी जातात आणि पोराला आत ओढून दार लावतात.

तू इंग्लंडला गेल्याला सात वर्षं झाली. एवढ्या काळात मी तुला तीन दिवाळी कार्डं पाठवली आणि तिन्हींवर फक्त सही केली. आज लिहिते आहे त्याला कारण आहे.

ते अमेरिकेचं यान परवा आभाळात फुटलं. तुमच्याकडे तर दिवसभर तेच दाखवत असतील. त्यात एक शिक्षिका होती, वरून मुलांना धडा शिकवणार होती. काल संध्याकाळी माझ्या बैठकेत, मराठीच्या वर्गात, मुलांनी त्याबद्दल विचारलं. मी इंधन, थंडी, यंत्रातला दोष, जेवढं वाचलं होतं तेवढं सांगितलं. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "मिस, ती वर बघायला गेली म्हणून मेली ना?"

मी तिला उत्तर दिलं. लांबलचक दिलं. ती खाली बसली, पण तिचं तोंड काही बदललं नाही.

म्हणून मी ठरवलं. धूमकेतू एप्रिलमध्ये आपल्या दक्षिणेच्या आभाळात चढणार आहे. इंग्लंडात तुम्हाला दिसणार नाही असा तो इथे दिसेल. पाडवा दहा एप्रिलला आहे, आपल्या मराठी मंडळाचा कार्यक्रम शनिवारी, बाराला. आधी खाली हॉलमध्ये ग्रहांच्या चित्रांचं प्रदर्शन, मग आठ वाजता गच्चीवर धूमकेतू. चाळीस मुलांची नावं आली आहेत. अध्यक्ष सत्यदेवांनी होकार दिला आहे. माझ्याकडे चित्रं नाहीत आणि दुर्बीण वापरता येणारा माणूस नाही. या बेटावर आपल्या लोकांत तसा एकच होता.

तू ये. इस्पितळातल्या नोकरीतून पंधरा दिवसांची रजा घे.

अठ्ठ्याहत्तरच्या चवथीचं म्हणशील तर लोक ते विसरले आहेत. मंडळाच्या प्रोजेक्टरचं भिंग हरवलं आणि तू चंद्राचा फोटो काढला होतास म्हणून लोकांनी तुझ्याकडे पाहिलं, एवढंच ते होतं. त्या संध्याकाळी मी तुझ्या बाजूने बोलायला हवं होतं. माझा घसा बसला होता, तुला आठवत असेल.

बा माझ्याकडेच आहेत. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, जेवण बरं आहे.

तुझी,
बाय


बो बासें, २१ फेब्रुवारी

कृष्णदेव,

तुझं पाकीट आलं. मी ते तीनदा उलटं करून झटकलं. आत पत्र नव्हतं. तुझे दाजी म्हणाले, "तुमच्या घरात बोलणं असंच. एक जण तासभर बोलतो आणि दुसरा आभाळ पाठवतो." मला हसू आलं नाही.

चित्रं मात्र मी जेवणाच्या टेबलावर पसरली आणि त्या दिवशी आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवलो. युरेनसचा तो निळा, गुळगुळीत गोळा. त्याचा तो लहान चंद्र, कुणीतरी फाडून घाईघाईत परत शिवल्यासारखा. यान आठ-नऊ वर्षं चालत गेलं आणि तिथून फोटो पाठवले, आणि इथे बो बासेंहून तेर रूजला दिलेला निरोप पोचत नाही.

आणि तू स्वतः काढलेला तो फोटो. जानेवारी, संध्याकाळ, घरांच्या काळ्या छपरांवर एक पुसट पांढरा बोळा, शेजारी गुरू. मागे तू पेन्सिलीने फक्त तारीख लिहिली आहेस. गुरूच्या डाव्या बाजूला एक बारीक, वाकडी पांढरी रेघ आहे. मी जुना फोटो काढून शेजारी ठेवला, तुझा चवथीचा चंद्र. त्याच्याही डाव्या बाजूला तीच रेघ, तसाच वाक. म्हणजे भिंग तेच आहे, कडेचा टवका तसाच आहे. या रेघेबद्दल मला तुला काही सांगायचं आहे. आज नाही.

आज दुसरं सांगते, कारण त्याने माझी झोप गेली आहे. बसंती म्हणून एक बाई दोन वर्षांपूर्वी मोका गावाहून आमच्या गल्लीत राहायला आली. तिच्या दोन मुली माझ्या बैठकेत मराठी शिकतात, दोघींची नावं यादीत होती. मंगळवारी ती वांग्याची भाजी घेऊन आली. भाजी आणली म्हणजे नाही म्हणायला आली आहे, हे मला कळलं.

"पा कापाव, मिस," ती म्हणाली. "नाही पाठवता येणार. हॉलमधली चित्रं बघतील, पण गच्चीवर नको."

मी कारण विचारलं. तिने सांगितलेली गोष्ट मी तुला तशीच लिहिते, म्हणजे सात वर्षांत लोकांनी तिचं काय केलंय ते तुला कळेल. तेर रूजला एक पोरगा होता. हुशार, पण कुणाचं न ऐकणारा. घरात गणपती बसलेला असताना तो दुर्बीण घेऊन छपरावर चढला आणि चवथीचा चंद्र पाहिला, नुसता पाहिला नाही तर त्याचा फोटो काढला. दुसऱ्याच दिवशी भरल्या सभेत त्याच्यावर चोरीचा आळ आला आणि चोरी खरीच निघाली. त्याचं तोंड काळं पडलं. तो देश सोडून गेला, तिथेही त्याचे हात तसेच आहेत म्हणतात. आता चवथीला गणपतीपुढे स्यमंतक मण्याची कहाणी झाली की बायका शेवटी ही जोडतात. कृष्णावर आळ आला होता, आणि आपल्या इथल्या एकावरही आला.

"त्याचं नाव काय?" मी विचारलं.

"नाव कोण घेतं, मिस? सासूबाई म्हणतात, नावसुद्धा घेऊ नये."

मी तिला चहा दिला. डबा धुऊन परत दिला. तो माझा भाऊ आहे, हे मी बोलले नाही.

कृष्णदेव, तुला चवथीलाच फोटो काढ म्हणून तुझ्या मागे मी लागले होते. तू म्हणालास, दोन दिवस थांबू, कोर मोठी होईल, खड्डे जास्त दिसतील. तू भिंगाचा विचार करत होतास, मी भाषणाचा. हे मी मागच्या पत्रात लिहायला हवं होतं.

रजेचं काय झालं?

बाय


बो बासें, ९ मार्च

कृष्णदेव,

चाळीसपैकी अकरा नावं उरली आहेत. कुणी भांडायला येत नाही. भांडायला आले असते तर मी पुरून उरले असते. एकीच्या मुलाला खोकला, एकीकडे पाहुणे, एकीचा नवरा नको म्हणतो. मी घरोघर गेले. वर्तमानपत्रातली कात्रणं दाखवली, शहात्तर वर्षांनी येतो म्हणून सांगितलं, पुढच्या खेपेला तुमची मुलं म्हातारी झालेली असतील म्हणून सांगितलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं. बोलणं ऐकून घ्यायची आपल्या लोकांना फार चांगली सवय आहे.

काल सत्यदेव आले. ते वाईट माणूस नाहीत, तुलाही ठाऊक आहे. म्हणाले, पाडव्याला झाकरी ठेवू, मुलं नाचतील, आईबाप खूश होतील, गच्चीचं या वर्षी राहू दे. मी म्हटलं, या वर्षी म्हणजे काय, पुढचं वर्ष दोन हजार एकसष्टमध्ये आहे का? त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवली आणि हळू आवाजात म्हणाले की गच्चीवर अकरा मुलं चढली आणि त्यातलं एक पुढच्या महिन्यात आजारी पडलं, तर लोक धूमकेतूचं नाव घेतील, मग तुमचं घेतील आणि मग तुमच्या भावाचं घेतील.

ते त्यांनी मला दुखवायला म्हटलं नव्हतं.

ते गेल्यावर बा आतल्या खोलीतून काठी टेकत आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. टेबलावरचे फोटो त्यांनी हाताने चाचपले. त्यांना दिसत नाही, पण तुझा चंद्र त्यांनी बरोबर ओळखला, कारण त्याचा कोपरा त्यांच्याच उशीखाली राहून दुमडला आहे. तो फोटो सात वर्षं त्यांच्याकडे होता, मी गेल्या महिन्यात मागून घेतला. ते बसले आणि म्हणाले, "किस्ना चोर नाही, हे मला त्याच दिवशी माहीत होतं."

मी म्हटलं, मग तेव्हा बोलला का नाहीत?

"मग चोर कोण, असं लोकांनी विचारलं असतं," बा म्हणाले. "आणि मला दोनच पोरं."

त्यांनी फोटो शर्टाच्या खिशात घातला आणि ते आपल्या खोलीत गेले. दाजींनी येऊन दिवा लावला.

ता. क., १३ मार्च: हे पत्र मी चार दिवस पर्समध्ये घेऊन फिरते आहे. पोस्टासमोरून जाते आणि शाळा सुटल्यावर टाकू म्हणते.

बाय


बो बासें, १५ मार्च, शनिवार

कृष्णदेव,

मागचं पत्र आणि हे एकाच दिवशी टाकते आहे. ते आधी वाच.

काल टीव्हीवर धूमकेतूच्या पोटातून यान गेल्याची चित्रं दाखवली. लाल, हिरवे, निळे डाग. बैठकेतल्या मुलांना वाटलं आमचा टीव्ही बिघडलाय. मी त्यांना समजावत होते की धुळीच्या आत काय आहे ते पाहायला यान त्या धुळीत शिरलं, धुळीचा मार खात गेलं आणि तरी चित्रं पाठवत राहिलं. बोलता बोलता मी थांबले. वर्गात मी कधी थांबत नाही. मुलं एकमेकांकडे पाहू लागली.

आता सांगते.

माझा घसा बसलेला नव्हता.

मंडळाच्या वाचनालयाच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असायची. तो जुना प्रोजेक्टर त्याच कपाटात होता. पुस्तक असो की कात्री, चिठ्ठी लिहून जागेवर ठेवल्याशिवाय मी काही बाहेर जाऊ देत नसे. सगळे माझी थट्टा करायचे, तूही करायचास. पाच सप्टेंबरला मी प्रोजेक्टरचं भिंग स्क्रू काढून सोडवलं, पितळी कड्यावरचा नंबर चिठ्ठीवर लिहिला, ४४१७, खाली माझं नाव, "दोन दिवसांसाठी", वर मंडळाचा तारखेचा शिक्का, आणि चिठ्ठी रिकाम्या जागी ठेवली. भिंग पोलक्याच्या कापडात गुंडाळून तुला आणून दिलं. पोर्ट लुईच्या जुन्या बाजारात मिळालं म्हणून सांगितलं, कारण मंडळाची वस्तू तू घेतली नसतीस. कापडाच्या ठाणाच्या पुठ्ठ्याची नळी तू आधीच करून ठेवली होतीस. भिंग त्यात बसलं तेव्हा तुझं तोंड मी पाहिलं आहे. दुसऱ्याचं काही घेताना चोराला जे वाटतं ते मला वाटलं नाही. मला वाटलं, आता यांना दाखवते.

सात तारखेला भिंग परत आणायचं होतं. त्या दिवशी मी सकाळपासून भाषण लिहीत होते. भाषण चांगलं झालं होतं. दोनशे माणसं, हातात माइक, हातात तुझा फोटो. मी विचारलं, "चवथीचा चंद्र पाहिला, फोटो काढला, सांगा, कुणाचं काय वाकडं झालं?" मी जिंकले होते. आणि सत्यदेव, बिचारे खूश होऊन उठले आणि म्हणाले, एवढासा फोटो मागे कुणाला दिसणार, प्रोजेक्टरवर लावू या, पडद्यावर मोठा करून दाखवू.

तोपर्यंत भिंगाची आठवण मला नव्हती. खरं सांगते, नव्हती. भाषणात मी एवढी बुडाले होते.

मी म्हटलं, मी काढते प्रोजेक्टर. मी पुढे गेले, कपाट उघडलं, आणि लोकांकडे पाठ होती तेवढ्यात ती चिठ्ठी मुठीत घेतली. मग प्रोजेक्टर बाहेर आला. सगळ्यांनी ते भोक पाहिलं. मागून कुणीतरी म्हणालं, "चवथीचा चंद्र." आणि दोनशे माणसं तुझ्याकडे वळली, कारण त्या हॉलमध्ये दुर्बीण एकट्या तुझ्याकडे होती.

तू कुणाकडे पाहिलं नाहीस. तू भोकाकडे पाहिलंस, त्याचा आकार पाहिलास, आणि मग माझ्याकडे. माइक अजून माझ्या हातात होता.

बाकीचं तू जाणतोस. भिंग परत केलं असतंस तर चोरी शाबीत झाली असती. म्हणून ते तू बरोबर नेलंस, आणि सात वर्षं त्यातूनच वर पाहतो आहेस. ती रेघ पाहिली तेव्हापासून मला हे कळलं आहे.

मी स्वतःला अंधश्रद्धेची वैरीण म्हणवते. या बेटावर चवथीच्या चंद्राची भीती माझ्याइतकी कुणी वाढवली नाही. पोथीतली कहाणी जुनी झाली होती, मुलं ऐकत नव्हती. मी तिला ताजा पुरावा दिला. एकोणतीस मुलं गच्चीवर येत नाहीत ती बसंतीच्या सासूमुळे नाही, माझ्यामुळे.

आज दुपारी मी सत्यदेवांकडे गेले आणि हे सगळं सांगितलं. आधी त्यांना सांगितलं, मग हे पत्र लिहायला बसले, म्हणजे मला मागे फिरायची जागा राहू नये. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. नंतर म्हणाले, "विद्यावती, हे सभेत बोलू नका. कुणी विश्वास ठेवणार नाही. लोक म्हणतील, बहीण भावाचा आळ अंगावर घेते आहे. उलट तुमचं कौतुक करतील."

मी त्यांच्यापुढे चिठ्ठी ठेवली. ती मी जाळली नव्हती. का, ते विचारू नकोस. शब्दकोशात ठेवली होती, त्यावर पिवळा डाग पडला आहे. त्यांनी ती चष्म्याजवळ नेऊन वाचली. म्हणाले, "चिठ्ठी काल लिहिलेलीही असू शकते, असं म्हणणारे निघतील. शिक्का मंडळात अजून आहे. भिंग कुठे आहे?"

त्यांचं बरोबर आहे. कौतुक. मला त्याचीच सर्वांत जास्त भीती वाटते. मी खरं सांगेन, आणि मी इतकी वर्षं इतकं चांगलं बोलत आले आहे की ते खरंही लोकांना भाषणच वाटेल.

चिठ्ठी माझ्याकडे, भिंग तुझ्याकडे. चिठ्ठीवर नंबर आहे, तोच नंबर भिंगाच्या कड्यावर आहे. भिंग इथे कुणी सात वर्षं पाहिलेलं नाही, त्यावरचा नंबर काल कुणी चिठ्ठीवर लिहू शकलं नसतं. दोन्ही टेबलावर शेजारी ठेवले की मी बोलायची गरज नाही. मग सत्यदेव सर्वांसमोर भिंग प्रोजेक्टरमध्ये बसवतील, आणि त्या संध्याकाळी जो फोटो लावायचा राहिला तो पडद्यावर लावतील. बांना दिसणार नाही, पण मी त्यांना पुढच्या खुर्चीत बसवीन. त्यानंतर गच्चीवर कोण येतं ते पाहू.

तू म्हणशील, "भिंग तुझ्या हातात आलं आणि तू पुन्हा गप्प बसलीस तर? मग चोरीचा माल माझ्या पत्त्यावरून आला एवढंच लोकांना दिसेल." हो. तसं होऊ शकतं, आणि माझ्यावर विश्वास ठेव म्हणायचं तोंड मला नाही. म्हणून भिंग मला पाठवू नकोस. सत्यदेवांचा पत्ता या पत्रामागे लिहिला आहे. आणि हे पत्र जपून ठेव. बारा तारखेला मी बोलले नाही, तर याच्या नकला काढून मंडळातल्या प्रत्येक घरी पाठव.

तुला ये म्हणत नाही. ते मी पहिल्या पत्रात म्हटलं, तेव्हा मला फुकटात हवं होतं. बारा तारखेला अजून चार आठवडे आहेत. हे पत्र पोचायला आठ-दहा दिवस, पार्सल यायला पुन्हा तेवढेच. मधे सुट्टी आली, संप झाला तर मी काही करू शकत नाही. मी रोज मोजते आहे.

दुर्बिणीतून भिंग काढ. ते पोलक्याचं कापड असेल तर त्यातच गुंडाळ, नसेल तर लोकरीत. हे पत्र हातात पडेल त्याच दिवशी रजिस्टर पोस्टाने सत्यदेवांच्या नावे पाठव.

तुझी थोरली बहीण,
विद्यावती